पवळ्याचं धनी

नसरापुरात मोटार सुटायला आली, तरी शेजारी बसलेल्या अनोळखी पोरीचा नवरा चढला नव्हता. ठकुबाईच्याच जिवाला घोर लागला.

"अगं, हाक मार की!"

"अवं! ऐकलं का?"

बाजारातले सगळेच बाप्ये वळले.

"आता गं? नावानं मार."

"अगं बया! धन्याचं नाव कसं घिऊ?"

"मग अमक्याचं बाबा म्हण."

"लेकरू कुठं हाय अजून?"

"बैल तरी हाय का?"

"हाय की. अवं, पवळ्याचं धनी!"

हाटेलातून एक गडी धोतर सावरत पळत आला आणि ड्रायव्हरशेजारी बसला.

"पावला बाई तुझा पवळ्या!"

"आज भागलं, आत्या. येत्या सुगीला लेकराच्याच नावानं हाक मारीन."

"आँ? त्याला सांगितलंस?"

"न्हाई. पयलं तुमालाच."