जोडी नावाची बाटली

धाकटी : वहिनी, खुर्ची जरा आत घे ना. तुम्हा दोघांच्या मधून मागची खोकी दिसतायत.

वहिनी : दिसू देत. दुकान आहे, खोकी असणारच.

धाकटी : खोक्यांचं काही नाही गं, फटीचं आहे. मधे एवढी फट दिसली की लोक विचारतात. मागच्या शुक्रवारी एकाने लिहिलं होतं, ‘आज दादा-वहिनी रुसलेत का?’

दादा : रुसलेत म्हणाले ना? मग उत्तम. रुसव्याला गिऱ्हाईक असतं.

वहिनी : लेबलचं काय ते आधी सांग. लाइव्ह सुरू झालं की राहून जाईल.

दादा : सांगायचं काय? नव्या लाल वाइनच्या मळेवाल्याने नमुना पाठवलाय. हा बघ. वर द्राक्षांचा घड, खाली आपण दोघं. नाव तेवढं रिकामं ठेवलंय, ते आज गिऱ्हाईक निवडणार. उद्या छापायला जाईल.

वहिनी : हा फोटो कुठला?

दादा : पहिल्या वर्षीचा. लाइव्ह सुरू केलं तेव्हाचा.

वहिनी : माझा हात तुझ्या खांद्यावर आहे.

दादा : तेव्हा असायचा.

वहिनी : उन्हाळ्यात कोर्टाचा कागद हातात पडला. आणि आता माझा हात तुझ्या खांद्यावर छापून घरोघर जाणार.

दादा : अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढा हंगाम निघू दे. मग सावकाश सांगू सगळ्यांना.

वहिनी : काय सांगणार? बाटली संपली असेल तर आता ऐका, असं?

धाकटी : तुमचं चालू द्या, पण लोक जमायला लागलेत. मास्तर आलेसुद्धा. ते नेहमी पहिले.

दादा : तूच सांग हिला. दुकानात माशा मारत बसायचो आपण. रस्त्यावरून जाणारा माणूस काचेतून बघायचा आणि पुढे जायचा. ही शुक्रवारची गंमत सुरू केली आणि माल घरोघर जायला लागला. लोकांना वाइन कुठेही मिळते. आपल्याकडे येतात ते आपल्या दोघांची जुगलबंदी बघायला.

धाकटी : आणि मी कॅमेऱ्यामागून ‘दादा’, ‘वहिनी’ अशा हाका मारते म्हणून सगळं जग मारायला लागलं. या पापाची धनी मी. मान्य.

वहिनी : तुझं काही पाप नाही. तू तुझ्या भावाला दादा म्हणालीस.

दादा : मग प्रश्न काय आहे? दुकान तिघांचं आहे. माल गेला तर तिघांचा जातो.

वहिनी : प्रश्न काही नाही. मी सांगते ते ऐक. आजचं मी पार पाडते. तू म्हणशील त्याला हो म्हणते, विचारतील ते सांगते, हसते. उद्या सकाळी मळेवाल्याला फोन करायचा आणि लेबलवरून माझा चेहरा काढायला सांगायचा.

दादा : आणि कारण काय देऊ?

वहिनी : सांग, वहिनींना लाज वाटते.

धाकटी : वहिनीला आणि लाज! मळेवाला खोक्यांवरून खाली पडेल हसून.

दादा : बरं. कबूल. आजचा दिवस मात्र अगदी पहिल्यासारखा.

वहिनी : म्हटलं ना, पार पाडते.

धाकटी : आणि वहिनी, ‘अहो’ म्हण हां. तू ‘अहो’ म्हटलंस की कमेंटा धबाधबा पडतात. चला, ग्लास पुसलेत, बूच काढलंय. तीन, दोन, एक. चालू.

(लाइव्ह सुरू.)

दादा : नमस्कार मंडळी, या, या! शुक्रवार आहे, कामं संपलीत, साहेब घरी गेलाय. ज्यांच्याकडे आमचा छोट्या बाटल्यांचा डबा पोचलाय त्यांनी लाल टोपणाची काढा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आमच्या तोंडाकडे बघा, तेवढंच समाधान.

वहिनी : अहो, लिंक सांगा आधी. डबा मागवायचा असेल तर कुठे मागवायचा?

दादा : हे बघा, व्यवहार सगळा हिच्याकडे. लिंक खाली आहे मंडळी. तर ही लाल वाइन नवी आहे, आमच्या मळेवाल्याची. अजून बाजारात नाही. नावसुद्धा नाही, बारसं आज तुम्ही करायचं.

धाकटी : पोल टाकलाय! तीन नावं आहेत. ‘जोडी’, ‘शुक्रवार’ आणि ‘दादा-वहिनी’. बोट लावा पटापट.

दादा : बोट लावेपर्यंत आपण चाखू. ग्लास असा फिरवा. नाक आत घाला, लाजू नका, घरात कोण बघतंय! आता मला काय येतंय सांगू? काळ्या मनुका. आणि मागून जुन्या लाकडी कपाटाचा खण उघडावा ना, तसा एक वास. शिसवी कपाट. आत कुणाचे तरी रेशमी कपडे ठेवलेले. आणि घोट घेतला की जिभेवर आधी मखमल, मग घशापाशी किंचित ऊब, आणि मग ती जायला तयारच नाही, पाहुण्यासारखी दारात उभी राहून बोलत राहते. काय गं?

वहिनी : चांगली आहे.

दादा : ऐकलंत? हिने चांगली म्हणणं म्हणजे सोन्याचा छाप.

धाकटी : ‘नाइटवाली नर्स’ विचारतायत, थंड करायची का?

वहिनी : अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, जास्त नको. आणि ड्यूटीला जायचं असेल तर टोपण उघडूच नका.

धाकटी : त्या म्हणतायत, आज सुट्टी आहे. पोलमध्ये ‘जोडी’ पुढे आहे. ‘शुक्रवार’ दोन नंबर. ‘दादा-वहिनी’ पडणार बहुतेक.

दादा : स्वतःच्याच निवडणुकीत डिपॉझिट गेलं म्हणा की.

धाकटी : ‘टॅक्सीवाला’ विचारतोय. ‘दादा, वहिनी, ही जोडी तुम्ही दोघांनी घरी पहिल्यांदा कधी चाखली? ते सांगा, म्हणजे मी पण बायकोबरोबर तशीच उघडतो.’

दादा : वा, काय प्रश्न आहे! सांगतो. मागच्याच रविवारी. मळेवाला नमुन्याची बाटली देऊन गेला होता. संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो. समोरच्या इमारतीत कुणीतरी पेटी शिकतंय, रोज तेच चार सूर चुकवतं. ते ऐकत बाटली उघडली. छान वारा होता. हो ना?

वहिनी : हो. आणि गॅलरीतला दिवा गेला होता.

दादा : हो, दिवा गेला होता.

वहिनी : अंधारात यांनी बूच काढायला घेतलं, तर ते निम्म्यात तुटून आतच पडलं. वाइन विकणारा माणूस! मग चहाच्या गाळणीतून गाळून दिली मला. म्हणाले, कुणाला सांगू नकोस, धंदा बसेल. गाळणीला चहाचा वास होता. पहिला घोट चहाचाच लागला. मग ती पेटी बंद झाली, तरी आम्ही बसून राहिलो. आत जायचं कुणाच्याच मनात येईना.

धाकटी : अय्या, किती लोक हसतायत! पुढे, दादा? दादा, तू बोल ना. लोक थांबलेत.

दादा : नाही.

धाकटी : काय नाही?

दादा : असं काही झालं नाही.

वहिनी : अहो, पोल बघा, ‘जोडी’ कुठल्या कुठे गेली.

दादा : नाही, थांब जरा. मंडळी, ही सांगतेय ते झालेलं नाही. मी सांगितलं तेही नाही. रविवारी गॅलरीत मी एकटा होतो. आमचा उन्हाळ्यात घटस्फोट झाला. रीतसर. मारामारी नाही, लफडी नाहीत. ही तिच्या घरी राहते, मी माझ्या. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं नाही. मीच म्हटलं, हंगाम जाऊ दे. हिचा यात काही दोष नाही, ही शब्दाला जागली फक्त.

धाकटी : कमेंटा थांबल्या.

दादा : बंद करतेस का?

वहिनी : बंद करू नकोस. आता बंद केलं तर पळून गेल्यासारखं दिसेल. बसू या.

धाकटी : आली एक. ‘फसवलंत. माझी ऑर्डर रद्द करा.’

वहिनी : करू. पैसे परत येतील, सोमवारपर्यंत.

धाकटी : आणखी एक, तसंच. टॅक्सीवाला म्हणतो, ‘सॉरी, मी उगाच विचारलं.’

दादा : तुझी काय चूक रे बाबा.

धाकटी : मास्तर लिहितायत... ‘आम्हाला ठाऊक होतं.’ त्याच्याखाली नर्स, ‘मलापण.’ अजून एक, ‘आमच्या घरी हीच चर्चा असायची.’ अगं बाई, हे किती जण आहेत!

वहिनी : मास्तरांना विचार, कसं ठाऊक होतं?

धाकटी : लिहितायत. थांब, लांबलचक आहे. ‘पूर्वी दादा वासाचं वर्णन करायला लागले की वहिनी मधेच तोडायच्या. दादा म्हणाले गुलाब, की वहिनी म्हणणार, कसला गुलाब, साबण आहे. दादांचं वाक्य कधी पुरं झालं नाही. आमची ही आणि मी पैज लावायचो, आज कुठल्या शब्दाला तोडतील. मग वहिनी एकदम ऐकून घ्यायला लागल्या. दादा थांबेपर्यंत थांबायच्या. दादाही त्यांना आधी बोलू द्यायचे. इतकं नीट वागायला लागलात दोघं, की ही म्हणाली, यांचं काहीतरी मोडलं.’

दादा : मास्तर, तुमच्या मिसेसना नमस्कार सांगा.

धाकटी : नर्स विचारतायत, ‘वहिनी पुढच्या शुक्रवारी असणार का?’

वहिनी : असणार. दुकानात माझा हिस्सा आहे. कामाला येईन.

धाकटी : ‘मग तुम्हाला वहिनी म्हणायचं की नाही?’

वहिनी : ही मागे बसलेली म्हणते ना? तिचं बघून तुम्ही ठरवा.

धाकटी : मी तर म्हणणारच. मला दुसरं काही म्हणताच येत नाही.

वहिनी : मग झालं. बरं, दुसरी बाटली पांढऱ्या टोपणाची. ती थंडच हवी. ज्यांना राहायचंय त्यांनी काढा.

दादा : काढा मंडळी.

(लाइव्ह संपलं.)

धाकटी : बंद झालं. खरंच बंद झालंय, मी दोनदा बघितलं. बसा आता कसेही.

दादा : किती ऑर्डरी गेल्या?

धाकटी : मूठभर. पण आल्यात त्याहून जास्त. गाळणीवालीच द्या म्हणतायत काही जण. मी सांगितलं, तसली काही नाही.

वहिनी : मळेवाला बघत होता का?

धाकटी : बघत होता म्हणजे काय! पांढरी चालू असतानाच फोन आला. लेबलवर फोटो नको म्हणतो. ‘जोडी’ही नको. म्हणाला, लोक दुकानात हातात घेऊन हसतील. दोन नंबरचं नाव लावतो म्हणाला, ‘शुक्रवार’. आणि लेबलं छापणार ठरली होती त्याच्या निम्मीच.

दादा : म्हणजे नुकसान झालंच.

धाकटी : झालं थोडं. मी मागे जाते, उद्याचे डबे भरायचेत. तुम्ही ग्लास तेवढे धुवा. आणि भांडायचं असेल तर भांडा, दार लावून घेते.

वहिनी : भांडायला काय झालंय?

धाकटी : काही नाही. म्हटलं आपलं.

दादा : दे तो ग्लास, मी पुसतो.

वहिनी : तू का बोललास ते? झाकली मूठ तुझीच होती. मी ठरल्याप्रमाणे करत होते.

दादा : तेच तर. माझं गॅलरीचं खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत होतं. तू दिवा म्हणालीस आणि तो मला दिसायला लागला. मग गाळणी. मग तो चहाचा घोट. मला वाटलं, हे झालं होतं की काय? मी विसरलो की काय?

वहिनी : सुचलं ते बोलले.

दादा : इतकं छान सुचलं तुला.

वहिनी : तू म्हणालास, पहिल्यासारखं कर.

दादा : हं. बस आहे का तुला आता?

वहिनी : अर्ध्या तासाने आहे. हे आवरून जाते.

दादा : एक विचारू? ती लाल. तू चांगली आहे म्हणालीस. खरंच आवडली?

वहिनी : नाही. आंबट आहे. मळेवाल्याने घाई केली. अजून वर्षभर तरी बाटलीत राहायला हवी होती.

दादा : मग तिथेच म्हणायचं की. मी मखमल काय, रेशमी कपडे काय, बडबडत सुटलो होतो. मधे का नाही तोडलंस?

वहिनी : तू बोलत होतास.