उकडलेली पपई

विकरांबद्दल, म्हणजे एन्झाइम्सबद्दल, मला विचारा. वीस वर्षं मुलांना तेच शिकवतोय. म्हणून परवा आमचा मसुरे गावचा जावई पहिल्यांदा जेवायला येणार म्हटल्यावर मी बायकोला ठणकावून सांगितलं, "कोंबड्याची काळजी तू सोड."

कोंबडा घरचाच, पण म्हातारा, नुसतं चामडं. शेजारच्या हमीदाआपा असं निबर मांस मऊ व्हायला कच्ची पपई लावतात. "पपईच्या चिकात विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं," मी बायकोला समजावलं. फक्त चिकाने हाताला खाज सुटते, म्हणून मी पपई आधी मस्त उकडली, मग वाटून दोन तास कोंबड्याला चोळून ठेवली.

जावयाने पहिला तुकडा तोंडात टाकला. त्याचे तीन वडे संपले, सोलकढी संपली, तो तुकडा काही संपेना. शेवटी बिचारा म्हणाला, "रस्सो बरो झालो हा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून आपांनी विचारलं, "मास्तरानू, पपई लावलास मा?"

"लावली की! छान उकडून."

"उकडून? गड्याक आधी उकडून मारलास आणि मगे कामाक लावलास?"

सोमवारी वर्गात नेमका तोच धडा आला. मी फळ्यावर लिहिलं, 'जास्त उष्णतेने विकर निकामी होतं.' एका मुलीने विचारलं, "सर, हे कोणी करून बघितलंय?"

मी छाती काढून सांगितलं, "करून मी बघितलंय. चावून माझ्या जावयाने."