मधलं वर्तुळ

— नाय, नाय, मोतीरामभाऊ, आत नका जाऊ अजून. इथं जिन्यापाशी बसा, वारा तरी आहे. पेढा घ्या. वाळूजवरून आलात, कारखान्यात सुट्टी टाकून — मीच फोन केला होता, माहितीय मला. पीएचडीचा व्हायवा सगळ्यांना खुला असतो, कुणीही बसावं, कुणीही प्रश्न विचारावा — म्हणून ज्यांनी ज्यांनी माझ्या प्रबंधासाठी मुलाखत दिली त्या सगळ्यांना बोलावत सुटले, तेवढाच माणसाचा मान. तुम्हाला तेवढं बोलवायला नको होतं.

काय शोधलं मी? सांगते. माणसाला नवीन काही कुठल्या जागी सुचतं, यावर लोकांनी लई लिहून ठेवलंय, पण ज्याचं त्याच्यापुरतं. एक म्हणतो उजेड पाहिजे, दुसरा म्हणतो साहेब चांगला पाहिजे, तिसऱ्याला सोबती पाहिजेत — आणि कुणी कुणाचं वाचत नाय. मी सगळ्यांच्या आकृत्या एकात बसवायला घेतल्या. बसेचनात. मग मधे एक वर्तुळ काढलं, त्यात लिहिलं 'निर्भयता' — आणि सगळे बाण गपगुमान तिथं येऊन मिळाले.

आणि तुम्ही काय सांगितलं होतं? मालक खुर्चीमागं उभा, नोकरी जायची वेळ, अन् त्या भीतीतच तुम्हाला तो डोलणारा हत्ती सुचला — तुमच्या कारखान्यातलं सगळ्यात खपणारं खेळणं. भाऊ, तुमची मुलाखत मी वगळली. 'अपूर्ण' म्हणून. नाय तर वर्तुळच फुटत होतं. आता आत कुणी विचारलं, घाबरून काही सुचतं का, तर तुम्ही उठून सरळ सांगाल — तुमचा स्वभावच तसा. आई आलीय पिशोरवरून, पहिल्या रांगेत बसलीय, गावभर सांगून आलीय की विशाखा डॉक्टर होणार. तिच्यासमोर नको. मला लई भीती वाटतेय, भाऊ.

हसू नका. मला तरी ते वर्तुळ कधी सुचलं? माझ्या गाईड सरांनी दम दिला, नोंदणी रद्द करतो म्हणाले — तेव्हा. रडत रडत काढलंय मी ते. म्हणजे — जाऊ द्या. मी काही बोलले नाय.

बोलावलं वाटतं मला. तुम्ही निघा आता. पेढ्यांचा डबाच न्या, पोरांना होईल. अहो — अहो भाऊ, गेट इकडं आहे. आत कुठं —