कूलर मोठाच बसवा

नाही नाही, ते कळलं मला. गिअरबॉक्सचं तेल तापतं, तापून करपतं, करपलं की आतल्या प्लेटा झिजतात — म्हणून तेल थंड ठेवायला कूलर. तेवढं कळतं हो दादा. फक्त लहान कूलर आणि मोठा कूलर यात — नको, राहू द्या, मोठाच. आणि ते खालचं चेंबर, खोल असतं ते, त्यात तेल जास्त मावतं म्हणालात ना? तेही घाला. प्लेटाही त्या जाडवाल्या. हे म्हणालेच मघाशी, जे जे चांगलं मिळतं ते सगळं घाला, गाडी माझ्यापेक्षा जास्त जगली पाहिजे. आणि स्वतःच हसले. तुम्ही नाही हसलात. मी बघत होते.

या टायरवर बसले तर चालेल ना? हे येईपर्यंत बोलून घेते. बाहेर त्या टॅक्सीवाल्याला काहीतरी समजावतायत, आता लवकर नाही यायचे. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं ना, मास्तर म्हणतात अजून सगळे. तो टॅक्सीवालाही यांचाच विद्यार्थी निघाला, बघितलंत ना, यांना बघून गाडी थांबवून खाली उतरला. अर्ध्या शहरानं यांची बोलणी खाऊन लायसन्स काढलंय. फक्त मी राहिले. मला म्हणायचे, तुला कशाला, मी आहे की. आणि मला तरी कुठे हौस होती — आयतं बसायचं, खिडकीतून बघायचं, उतरायचं.

तर ते तेल. तुम्ही ती तेल मोजायची पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसलीत, वास घेतलात. तो करपट वास मला रोज येतो. गाडीतून उतरलं की येतो, मी म्हणायचे कुणाकडे तरी भाजी लागली वाटतं. मग तुम्ही यांना एक चक्कर मारून या म्हणालात आणि स्वतः मागून स्कूटरवर आलात. आल्यावर नुसते मागच्या त्या ब्रेकच्या लाल दिव्याकडे बघत उभे. तो सगळा वेळ पेटलेलाच होता, हो ना? नका सांगू. मला माहितीये. मी शेजारी बसते, मला यांचा डावा पाय दिसतो.

कसं असतं, शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तरनं दाबायचा. जन्मभर हे शेजारच्या सीटवर बसले ते त्या ब्रेकवर पाय ठेवून. आता ही गाडी ऑटोमॅटिक, हिच्यात डाव्या पायाला कामच नाही — हेच तर शिकवायचे सगळ्यांना, डावा पाय झोपवून ठेवा म्हणून — आणि यांचाच पाय झोपत नाही. जातो ब्रेकवर. एक पाय गाडी पुढे ढकलतो, दुसरा अडवतो, आणि मधल्यामध्ये ते तेल करपतं. सांगितलं की मी. तर म्हणाले, पाय खाली आहे माझा. आणि पाय ब्रेकवर. खोटं नाही हो बोलले. यांना कळतच नाही पाय कुठे आहे ते.

साखर आहे ना यांना. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले, कापूस घेतला, म्हणाले, पायाला लागला की हो म्हणा. हे म्हणाले, हो. डॉक्टरांचा हात अजून वरच होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मघाशी तुम्ही बघितलंत ना, अगदी तसं. सगळे माझ्याकडेच बघतात. मी काय करू, सांगा ना. गाडी बंद करा म्हणाले डॉक्टर, तर हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. नातीला शाळेत हेच सोडतात — मुलगी नर्स आहे, तिची पहाटेची पाळी. मी म्हटलं, मी बसनं नेते तिला. नेलंही एकदा. तर हे गाडी घेऊन बसच्या मागे मागे. सकाळी दाढी करतात ती त्या फेरीसाठी. ती फेरी काढून घेतली तर उठतील कशाला?

परवा मात्र — हे तुमच्याजवळच राहू द्या — परवा चौकात लाल दिव्याला थांबलो. गाडी उभी आणि गुरगुरायला लागली. दोन्ही पाय दाबलेले. आणि डावा ब्रेकवरून घसरला. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत चाललेली. नाही, काही झालं नाही. मी हँडब्रेक ओढला. कुणी शिकवला नव्हता, नुसता बघून माहीत. नात मागे गाणं म्हणत होती, तिचं गाणंही थांबलं नाही. आणि हे म्हणाले, बघ, गिअरबॉक्स झटका मारतोय, आयुष्य वाढवायला पाहिजे त्याचं. म्हणून आलो तुमच्याकडे.

तुम्हीच सांगा ना यांना. गेला म्हणा गिअरबॉक्स, आता काही होत नाही म्हणा. माझं नाही ऐकायचे, तुमचं — नाही म्हणून मान का हलवताय? दुसऱ्या गॅरेजात नेतील म्हणता? हो, तेही खरंच. नेतीलच.

मग एक विचारू? वेड्यासारखं वाटेल. तो शिकवायच्या गाडीतला ब्रेक, शेजारच्या पायाखालचा — तो आमच्या गाडीला बसतो का? माझ्या बाजूला. नुसता दाबायचाच तर असतो, मी शिकेन. कूलर राहू द्या, चेंबर राहू द्या, तेल करपू दे. तेवढा एक ब्रेक बसतो की नाही, एवढंच मला —

आले वाटतं.

काही नाही हो, कूलरचंच विचारत होते. ते म्हणतायत सामान मागवायला लागेल, आलं की फोन करतील. हो, मोठाच. तुम्ही म्हणालात तसंच सगळं. येते दादा. अहो, मी पुढेच बसणार ना, रोज बसते तशी. चला, शाळा सुटेल तिची. आता काय शोधताय? किल्ली? खिशात नका बघू.

अहो, हातातच आहे तुमच्या.