तोंडापर्यंत गेलेली रेघ

ओलिव्ह : चहा नंतर. आधी ही बघ.

रेज : अगं, टेबलावर पाणी ठिबकतंय.

ओलिव्ह : ठिबकू दे. आत्ताच धुतलीय. तीस वर्षं तुझ्या बाटल्या धुतेय, त्यात ही एक. सांग, केव्हाची?

रेज : आज कुठून उगवलं हे कौतुक? एरवी म्हणतेस, गावाचा शंभर वर्षांचा उकिरडा उकरून माझ्या स्वयंपाकघरात आणतोस.

ओलिव्ह : रेज, बाटली बघ.

रेज : ...कुठे सापडली तुला?

ओलिव्ह : तुझ्या हिरव्या कोटाच्या खिशात. चर्चच्या जुन्या कपड्यांत द्यायला काढला होता. चिखल वाळून नुसता दगड झाला होता.

रेज : तो कोट कशाला द्यायचाय? कॉलिननं घेतलेला कोट आहे तो.

ओलिव्ह : म्हणूनच. त्याचं काही डोळ्यासमोर नको झालंय मला. सांग ना, केव्हाची?

रेज : जुनी आहे.

ओलिव्ह : जुनी म्हणजे? परवा पोस्टमनला एका बाटलीवर अर्धा तास पिडलंस. मला एकाच शब्दात?

रेज : अठराशे सत्तर. पंच्याहत्तर फार तर. औषधाची, हातानं घडवलेली. अशी सहसा मिळत नाही. झालं समाधान?

ओलिव्ह : अंगठा दे इकडे.

रेज : काय चालवलंयस काय?

ओलिव्ह : दे म्हणते ना! बुडापासून वर ने. साच्याची रेघ लागतेय? आता मानेवरून ने. थांबली?

रेज : ओलिव्ह, पुरे.

ओलिव्ह : थांबली का?

रेज : नाही.

ओलिव्ह : तोंडापर्यंत गेलीय. मानेवर थांबली तर जुनी, तोंडापर्यंत गेली तर यंत्रातली. लग्नाच्या पहिल्या वर्षी तूच शिकवलंस. ही सॉसची बाटली आहे, रेज. आजीच्या फडताळात असल्या चार होत्या.

रेज : माहीत होतं तर विचारलंस कशाला?

ओलिव्ह : खोटं बोलतोस का ते बघायला.

रेज : तुला बरं वाटावं म्हणून बोललो.

ओलिव्ह : कॉलिन गेला त्या चौकशीतही कुणाला बरं वाटावं म्हणून बोललास का? शपथेवर सांगितलंस की, मी गाडीत चहा ओतत होतो. बाजूंना आधाराच्या फळ्या ठोकल्याशिवाय खड्ड्यात उतरू नको म्हणून बजावलं होतं, पण पोरानं ऐकलं नाही.

रेज : नाहीच ऐकलं. हट्टी होता. तुझ्या भावावर गेला होता.

ओलिव्ह : माझ्या भावाला मध्ये आणू नकोस. हा कोट कॉलिननं तुला वाढदिवसाला दिला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही दोघं कालव्यामागे खणायला गेलात. एकदाच घातलास, मग चौदा महिने खुंटीवर. तू गाडीत होतास, तर त्या खड्ड्यातली बाटली या खिशात आली कशी?

(रेज बाटली आडवी करतो, पुन्हा उभी करतो. किटली शिट्टी वाजवायला लागते. कोणी उठत नाही.)

रेज : मी काठावर होतो. त्यानं खालून वर दिली.

ओलिव्ह : कशाला?

रेज : तुला माहीत आहे कशाला. उकिरड्यात नव्या बाटल्या वर, जुन्या खाली. हाती आलेली वर द्यायची, मी बघून सांगायचं किती खोल आलोय ते. लहानपणापासून तसंच करायचो आम्ही.

ओलिव्ह : देताना काही म्हणाला?

रेज : जाऊ दे ना आता.

ओलिव्ह : काय म्हणाला माझा कॉलिन?

रेज : म्हणाला, "बाबा, ही बाजू भुसभुशीत लागतेय. राख घसरतेय. येऊ का वर?"

ओलिव्ह : आणि तू?

रेज : मी अंगठा फिरवला. रेघ तोंडापर्यंत होती. म्हटलं, ही तर कालपरवाची, खरा माल अजून खाली आहे. म्हटलं, हातभर तरी जा रे, भित्र्या.

ओलिव्ह : भित्र्या म्हणालास.

रेज : हसत म्हणालो गं! तोही हसला. मी बाटली फेकणार, तेवढ्यात सगळी बाजू खाली बसली. आवाजसुद्धा झाला नाही. हातातली खिशात कोंबली आणि उकरत सुटलो. नखं निघाली माझी, ओलिव्ह.

ओलिव्ह : नखं मीच बांधली तुझी. बाटलीचं नाही बोललास.

रेज : कसं बोलणार होतो? तू माझं तोंड पाहिलं असतंस का पुन्हा?

ओलिव्ह : एकदाही गेले नाही मी त्याच्या थडग्याशी. एक फूल नाही नेलं. लोकांना वाटलं, दुःखानं जात नाही. रागानं जात नव्हते मी. मेलेल्या पोरावर राग धरून बसले, आईचा विचार केला नाही त्यानं म्हणून.

रेज : ओलिव्ह...

ओलिव्ह : सव्वाचारची बस मिळेल अजून. गॅस बंद कर.

रेज : गाडीनं सोडतो ना.

ओलिव्ह : नको.

रेज : मग त्याला माझ्याकडून एवढं सांग...

ओलिव्ह : तुझं तू सांग कधीतरी. मला माझी माफी मागायचीय. चौदा महिने हट्टी म्हणत आले त्याला. ऐकलं होतं की त्यानं तुझं.