अध्यक्षीणबाई आमच्या घरच्या

नाही नाही ताई, त्या स्टुलावर नका बसू — ते अध्यक्षांचं आहे. अध्यक्ष म्हणजे आमच्या सासूबाई! इकडे चुलीपाशी या, चहा घ्या. काय म्हणालात? वर्षभर न्यायचंय त्यांना? डोंगरातल्या बाकीच्या गावांना शिकवायला? न्या की! आजच न्या! गाठोडं मी बांधून देते. तुमच्या संस्थेनेच तर केलंय हे सगळं. गावातच पुढारी तयार करायचे म्हणालात, शिबिराला एक नाव द्या म्हणालात — मी सासूबाईंचं दिलं. का म्हणजे? चार दिवस घरात शांतता मिळेल म्हणून! हे आपल्यातच ठेवा हं. मला काय माहीत, शिबिरात खरंच काही शिकवतात!

परत आल्या त्या भलत्याच होऊन. आल्या आल्या मला विचारतात, "भाजीत मीठ किती घालू? तुला काय वाटतं?" मला! लग्न होऊन आल्यापासून मला काही वाटतं, हेच या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. नव्हता.

मग निघालं पाण्याचं. झरा वरच्या वाडीच्याही वर, पाइप त्यांच्या दारातून खाली आमच्याकडे येतो. तो फुटला, आणि दुरुस्त कुणी करायचा यावरून दोन्ही वाड्यांचं बोलणं बंद — ठरलेलं लग्न मोडलं, ताई! सासूबाईंनी इथेच बैठक बोलावली. नियम काय? ज्याच्या हातात पळी, त्यानेच बोलायचं. पळी माझी — आणि तिकडे भाजी करपतेय! तासभर पळी त्यांच्याच हातात. शेवटी वरचा शेळीवाला उठला, त्याने ओढली, या सोडेनात, ओढाओढीत पळी वाकली. मला वाटलं, आता डोकी फुटतात. तर यांनी पळी सोडली आणि खाली बसून ऐकायला लागल्या. ऐकायला! आमच्या सासूबाई! शेळीवालाच गांगरला. मग हळूच म्हणाला, "त्या फुटक्या पाइपच्या पाण्याने माझ्या गोठ्याची भिंत खचतेय. कुणी बघायलासुद्धा आलं नाही." झालं! दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या कुदळी घेऊन उतारावर. आधी भिंत बांधली, मग पाइप.

आता कुठे काही बिनसलं की माणसं इथे, आणि चहा कोण करतं? मी! म्हणून म्हणते, न्या एकदाच्या. फक्त — पावसाळ्याआधी आणाल ना परत? वर्ष म्हणजे अख्खं वर्ष? मग इथलं कोण बघणार? मी? छे! परवा त्या बाहेर होत्या, तर शिंपी आणि त्याचा शेजारी कुंपणावरून भांडत आले. मी नुसतं दोघांना समोरासमोर बसवलं, आळीपाळीने बोला म्हटलं, आणि जो मध्ये बोलेल त्याला चहा नाही. मिटलं. त्याला काय नेतृत्व म्हणतात? असं काय बघताय माझ्याकडे? हसताय काय? पुढच्या शिबिराला? मी? अहो, मला गुरं आहेत, पोरं आहेत, आणि घरात एक सासूबाई आहेत, त्यांना कोण सांभाळणार? त्यांना माझ्या हातचाच चहा लागतो, दुसऱ्या कुणाचा चालत नाही. तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत, पण मला कळतं ना —

थांबा. खोकला ऐकलात? त्याच. उठा ताई, पटकन. तुम्ही बोलावलंत हे कळलं ना, तर नेसत्या लुगड्यानिशी निघतील त्या. चहा राहू द्या. मागच्या दाराने जा. मागच्या म्हटलं ना! पुन्हा येऊ नका हं, रस्ता फार वाईट आहे...

या सासूबाई. कोण? कुणी नाही. कुणीच नव्हतं.