हातशिलाईची दंडपट्टी

टँकरच्या अर्जासाठी नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत रांगेत उभ्या व्यंकटरावांचे कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते. जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्या एका पुणेकराने त्यांना रांगेतच गाठलं होतं आणि जोडप्यातल्या लिंबाजींची जुनी दंडपट्टी तो भिंगातून न्याहाळत होता.

“रझाकारांशी लढलेल्या तुकडीची म्हणता, पण ही नकली वाटते. शिलाई मशीनची नाही, हाताची आहे.”

लिंबाजींचं तोंड उतरलं. त्यांच्या पत्नी सरजाबाई पुढं सरसावल्या.

“गावात मशीन एकच, तेबी रझाकाराच्या घरी. त्याच्याकडं टाकायची व्हती का शिवायला?”

“मग शिवली कुणी?”

“म्या! ह्यांचा दंड तुराटीवानी बारीक. चारदा उसवून आवळली.”

“मग अस्सलच म्हणायची! संग्रहात ठेवताना पट्टीखाली लिंबाजींचं नाव लिहितो.”

“न्हाई साहेब, हिचं लिहा. मी निस्ता बांधून हिंडलो.”